खड्ड्यापासून दूर

१

सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी इस्पितळाच्या सातही मजल्यांवर भोंगा वाजला. इमारत ताबडतोब रिकामी करा, असा त्याचा अर्थ होता. चालू शकणारे रुग्ण चालत उतरले. उरलेल्यांना चादरींत, खुर्च्यांत, पाठुंगळीला घेऊन उतरवले. अशा वेळी लिफ्ट वापरायची नाही असा नियम होता आणि तो पाळला गेला. तिसऱ्या मजल्याखालच्या जिन्याच्या वळणावर, हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेला एक म्हातारा शिंपी खुर्चीतच मरण पावला. त्या खुर्चीचा एक पाय त्याच्या मुलाच्या हातात होता.

इमारत पडली नाही. संध्याकाळपर्यंत तिच्यात साधा तडाही सापडला नाही.

इस्पितळासमोर भूमिगत वाहनतळासाठी मोठा खड्डा खणला जात होता. त्या कामामुळे इमारत सरकलीच तर लगेच कळावे म्हणून छताच्या चार कोपऱ्यांवर उपग्रहांचे संकेत टिपणारी चार यंत्रे बसवलेली होती. पांढरी, घुमटासारखी. सगळे त्यांना टोप्या म्हणत. पाचवी टोपी खड्ड्याच्या पलीकडे, पाणीपुरवठ्याच्या पंपघराच्या छतावर, एका लोखंडी खांबाच्या टोकाला होती. तिचे नाव बेस. बेस जागची हलत नाही असे धरून तिच्या तुलनेत चार टोप्यांची जागा सतत मोजली जात असे, अगदी मिलिमीटरपर्यंत. त्या सकाळी चारही टोप्या काही क्षणांत चौतीस मिलिमीटर सरकल्या.

पडद्यावर तरी तसे दिसले.

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी ज्या बाई आल्या, त्या पुलांच्या तपासणीतून निवृत्त झालेल्या होत्या. आयुष्य पुलांच्या पोटाखाली गेल्यामुळे त्यांना पूलबाई म्हणत, आणि तोंडावर म्हटले तरी त्यांना राग येत नसे. इस्पितळाच्या अधीक्षकांनी त्यांना फाटकातच गाठले.

"रुग्ण समोरच्या शाळेच्या सभागृहात आहेत. प्राणवायू सिलिंडरवर चाललाय. संध्याकाळी सहाला मी त्यांना परत आणणार. त्याआधी मला एवढंच लिहून द्या की भोंगा खोटा होता."

"आणि खोटा नसला तर?"

"खोटाच होता हो. ती पोरगी घाबरली आणि बटण दाबून बसली. पोलीस सहालाच येतायत तिचा जबाब घ्यायला. माणूस गेलाय, बाई. कुणाच्या तरी नावावर तो जाणारच."

२

मोजणीचा कक्ष म्हणजे आवाराच्या कडेची पत्र्याची खोली. आत तीन पडदे, एक पंखा आणि पिशवी मांडीवर घेऊन बसलेली एक तरुण मुलगी. सगळे तिला मोजणीवाली म्हणत. कालपासून घरी गेली नसावी.

"बटण तू दाबलंस?" पूलबाईंनी विचारले.

"हो. लाल पट्टी आली की ठरवायचं माणसानंच असतं. मी ठरवलं."

"किती वेळ विचार केलास?"

"चारही टोप्या एकदम सरकल्या होत्या, मॅडम. विचार करत बसले असते आणि इमारत खाली आली असती तर?"

"ते बरोबर आहे. पण आली नाही." बाईंनी खुर्ची ओढली. "तुझ्या सरांनी अधीक्षकांना सांगितलंय, त्या वेळी तू सेटिंगमध्ये काहीतरी खुडबूड करत होतीस. त्यामुळेच आकडे उडाले."

मुलीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "पान उघडलं होतं. हात नव्हता लावला. पण हे कुणाला पटणार?"

"मला सगळं पटवून घ्यायचा पगार मिळतो. कसलं पान?"

"दुरुस्तीचं. गेले काही महिने टोप्या हळूहळू एका बाजूला सरकताना दिसायच्या. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, उन्हानं इमारत फुगते, गारव्यानं आकसते, तो फरक आहे. त्यांनी एक दुरुस्ती घातली. तेवढा सरक आपोआप वजा होतो. पडद्यावर शून्य दिसतं."

"मग तुला काय खुपलं?"

"उन्हाचा फरक येतो आणि जातो. हा नुसता येत होता. जात कधीच नव्हता."

"कुठल्या बाजूला?"

"खड्ड्याकडे."

पूलबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिले. पत्र्याच्या कुंपणामागे खड्ड्यातल्या क्रेनची मान तेवढी दिसत होती. "आणि बेसला कुणी हात लावला तर?"

"कुणीच नाही लावत. लावायचा झाला तर आधी इथे फोन करून सांगायचं, असा दंडक आहे. मग आम्ही मोजणी थांबवतो. नाहीतर सगळ्या इमारतीनं उडी मारल्यासारखं दिसेल. काल फोन आला नाही. कक्षातले सगळे फोन टेप होतात, हवं तर ऐका."

"एक सांग. समजा तू ती दुरुस्ती खरंच बंद केली असतीस. पडद्यावर काय दिसलं असतं?"

मुलीने तोंड उघडले, तेवढ्यात दार धाडकन उघडले. दारात खांद्याला वायरींचे भेंडोळे अडकवलेला एक माणूस उभा होता. डोळे लाल. तो शिंप्याचा मुलगा होता, धंद्याने वायरमन.

"हीच का ती?" तो म्हणाला.

३

मुलगी उभी राहिली. पूलबाई मध्ये आल्या नाहीत.

"मी तुला मारायला नाही आलो," वायरमन म्हणाला. "मला एकच सांग. बाबांना मी खुर्चीवर बसवलं तेव्हा ते म्हणाले, अरे, मला राहू दे, तू पळ. मी म्हटलं, बाबा, इमारत पडतेय. पडत होती का? एवढंच सांग."

"मला माहीत नाही," मुलगी म्हणाली. "खरंच नाही माहीत."

"मग दाबलं कशाला?"

पूलबाई म्हणाल्या, "दादा, सहा वाजेपर्यंत थांबा. काय झालं ते मी सांगेन, आणि तुम्हालाच आधी सांगेन."

"तुम्ही सगळे असंच म्हणता," तो म्हणाला, पण गेला नाही. पायरीवर जाऊन बसला.

सर शाळेच्या आवारातल्या एका बाकावर भेटले. मोजणीची सगळी व्यवस्था त्यांनी उभारली होती. केस पांढरे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलणे वर्गात शिकवल्यासारखे.

"पोरगी हुशार आहे, माझी विद्यार्थिनी आहे," ते म्हणाले. "म्हणूनच वाईट वाटतं. पण सेटिंगचं पान त्या क्षणी उघडं होतं, यंत्रात त्याची नोंद आहे. चुकून दुरुस्ती बंद झाली आणि आकडे उसळले. इमारत मी स्वतः तपासली. ओळंबा जागच्या जागी. भिंतीला तडा गेला तर फुटाव्यात म्हणून चिकटवलेल्या काचपट्ट्यांपैकी एकही फुटलेली नाही."

"बेसचं काय?"

"बेसचं काय असणार? लोखंडी खांब, खाली चार बोल्ट."

"तुम्ही शेवटचे तिकडे कधी गेलात?"

"बसवल्यानंतर एकदा गेलो असेन. मागच्या उन्हाळ्यात. तिथे बघण्यासारखं काय आहे? पंपवाल्याच्या बायकोचे कपडे वाळत असतात खांबाला, तेवढंच."

"मूळ आराखड्यात बेस टेकडीच्या खडकावर ठेवायची असं ठरलं होतं ना?"

सरांनी खिशातले पेन सरळ केले. "टेकडीवर वीज नव्हती. पंपघर दगडी आहे, जुनं आहे, पक्कं आहे. हे सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे मला," ते म्हणाले आणि हसले. पूलबाई हसल्या नाहीत.

४

खड्ड्याच्या कडेकडेने पंपघराकडे जाताना बाईंसोबत खड्ड्याचा इंजिनियर होता. डोक्यावर पिवळे शिरस्त्राण, पायांत चिखलाचे बूट. कामगार त्याला खड्डेसाहेब म्हणत.

"माझ्यावर संशय आहे का?" त्याने थेट विचारले.

"आहे की. खड्डा तुमचा आहे."

"काल अकराला माझं काम बंद होतं, मॅडम. काँक्रीटची गाडी आली नव्हती. एक दगड हलला नाही. आणि माझं ऐकाल तर गुन्हेगार वर वाळतोय." त्याने पंपघराच्या छताकडे बोट केले. लोखंडी खांबाला दोरी बांधलेली होती आणि दोरीवर ओल्या चादरी फडफडत होत्या. "वारा आला, चादरींनी खांब ओढला, सुटला भोंगा. झालं तुमचं रहस्य."

पंपघराच्या मागच्या दोन खोल्यांत पंपवाला, त्याची बायको आणि तिच्या सासूबाई राहत. पंपवाल्याचे तोंड पांढरे पडलेले होते.

"काल छतावर कोण गेलं होतं?" बाईंनी विचारले.

"कोणी नाही."

"परवा?"

"कोणीच येत नाही इकडे."

"अहो, खरं बोला ना एकदाचं," आतून बायकोचा आवाज आला. "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते. दोरी मी बांधली, बाई. मला काय माहीत त्या दांड्यावर इस्पितळ चालतं म्हणून."

"कधीपासून बांधता?"

"हे चार-पाच दिवस. आधी भिंतीतल्या हुकाला बांधायचे. तो हुक भिंतीतून निखळून हातातच आला. यांना म्हटलं बसवून द्या, तर हे म्हणतात उद्या. यांचा उद्या आमच्या लग्नापासून यायचाय."

"सूनबाई, माझा दरवाजा पण दाखव गं त्यांना," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "आधी लागत नव्हता. सुतारानं दोनदा रंधा मारला. आता तर उघडतच नाही. मला खिडकीतून बाहेर काढतील एक दिवस."

"आई, त्या दरवाज्यासाठी नाही आल्या," पंपवाला म्हणाला.

पूलबाई वर गेल्या. खांबाच्या तळाशी लोखंडी पट्टी, तिला चार बोल्ट. दोन बोल्ट गंजलेले, दोहोंवर ताजे तेल. त्यातल्या एकाचा आटा नव्याने घासून चमकत होता. बाईंनी पिशवीतून छोटी पाणसळ काढून खांबाला लावली. बुडबुडा काटेकोर मधोमध उभा राहिला. एवढा सरळ खांब त्यांनी नव्या पुलावरही क्वचित पाहिला होता.

चादरींतून गळणारे पाणी छतावरून वाहत होते. ते कोपऱ्यातल्या नळीकडे जात नव्हते. खड्ड्याच्या बाजूच्या कठड्याशी त्याचे डबके झाले होते.

बाईंनी ते पाहिले. पण त्या वेळी त्यांचे सगळे लक्ष तेलाकडे होते. त्या तशाच खाली उतरल्या आणि पंपवाल्याला म्हणाल्या, "दोरीनं काहीही झालेलं नाही. तुमच्या बायकोनं कुणाला मारलेलं नाही. आता सांगा, तेलाची बाटली घेऊन कोण यायचं?"

पंपवाला खालच्या आवाजात सांगू लागला.

५

दुपारी तीन वाजता सगळे पत्र्याच्या खोलीत जमले. अधीक्षक घड्याळ बघत होते. खड्डेसाहेब दाराला टेकून उभा होता. सर खुर्चीत, मोजणीवाली पडद्यापाशी. वायरमनला कोणी बोलावले नव्हते, तरी तो आत आला आणि कोणी त्याला बाहेर काढले नाही.

"थोडक्यात सांगा," अधीक्षक म्हणाले.

"थोडक्यातच आहे," पूलबाई म्हणाल्या. "सिग्नलला बस उभी असते. शेजारची बस पुढे निघते आणि आपल्याला वाटतं, आपणच मागे चाललो. तेवढंच झालंय. चारही टोप्या सारख्याच सरकल्या, एकाच दिशेला, एकाच वेळी. सात मजली इमारत अशी एका अंगानं उडी मारत नाही. कुठलातरी कोपरा कमी सरकतो, कुठलातरी जास्त. चौघी एकदम हलल्या याचा अर्थ चौघी जागेवर होत्या. पाचवी हलली."

"म्हणजे दोरी!" खड्डेसाहेब म्हणाला.

"चादर वाऱ्यानं ओढते तशी सोडतेही. आकडे मागेपुढे झुलले असते. हे एकदा गेले आणि तिथेच थांबले. शिवाय खांब आत्ता ओळंब्यात उभा आहे. कपड्याच्या दोरीला एवढं नीट काम जमत नाही."

सर म्हणाले, "बाई, मी सकाळीच सांगितलं. दुरुस्ती बंद झाली, म्हणून..."

"तेच विचारायचं राहून गेलं होतं." बाई मुलीकडे वळल्या. "सकाळचा प्रश्न. दुरुस्ती बंद केली असतीस तर इमारत कुठे सरकलेली दिसली असती?"

"खड्ड्याकडे. लपवलेला सगळा सरक परत दिसला असता."

"आणि काल कुठे सरकली?"

मुलगी पडद्याकडे वळली. कालपासून तिने तो आकडा शंभरदा पाहिला असेल. पण त्याच्या आधीचे अधिक-उण्याचे चिन्ह ती आत्ता पहिल्यांदा वाचत होती.

"खड्ड्यापासून दूर," ती हळू म्हणाली.

"खड्ड्याशेजारची इमारत खड्ड्यात कलते. ही खड्ड्यापासून पळाली. मी इतकी वर्षं नोकरी केली, असली शहाणी इमारत पाहिली नाही. म्हणून सांगते, ही मुलगी खरं बोलतेय. तिनं पान उघडलं आणि हात लावला नाही. त्याच क्षणी पलीकडे पंपघरावर कुणीतरी कललेला खांब सरळ करत होतं. खांब खड्ड्याच्या बाजूला झुकला होता. तो मागे ओढला, बेस मागे गेली, आणि इथे इस्पितळ उलट्या दिशेला सरकलेलं दिसलं."

वायरमन म्हणाला, "कोण करत होतं?"

"ज्यानं फोन केला नाही तो. हात लावायच्या आधी फोन करायचा हे ज्याला ठाऊक होतं आणि तो फोन टेप होतो हेही ज्याला ठाऊक होतं."

त्या वळून सरांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"सर," पूलबाई म्हणाल्या, "तुम्ही मागच्या उन्हाळ्यानंतर पंपघरावर गेला नाहीत. मग खांबाला कपडे वाळत असतात हे तुम्हाला कसं कळलं? ती दोरी तिथे चार-पाचच दिवस आहे. त्याआधी भिंतीला होती."

६

सरांनी नाकारले नाही. पुस्तकातला धडा चुकीचा निघाल्यावर मास्तर फळा पुसतो, तसे ते बराच वेळ कोरड्या हातांनी गुडघे पुसत राहिले.

"दोन महिन्यांपूर्वी मी बघून आलो," ते म्हणाले. "खांब वाकलेला दिसला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता, की बेस टेकडीवर का नाही? आणि आजवरची सगळी मोजणी रद्दीत गेली असती. म्हटलं, आपणच सरळ करू. रोज बोल्टला पाव वळसा. इतका हळू, की पडद्यावर कळणारही नाही. दोन-तीन दिवस नुसतं तेल घातलं. काल पहिल्यांदा पाना लावला. नट गंजलेला होता, एकदम सुटला. खांब माझ्याच हातात सरळ झाला."

"आणि भोंगा ऐकलात."

"छतावरून ऐकला."

"फोन होता खिशात?"

सरांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

"सर, तुम्ही एक फोन केला असतात," मोजणीवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी भोंगा तिथल्या तिथे बंद केला असता. ते काका जिन्यापर्यंत पोचलेही नसते. आणि काल संध्याकाळी तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. म्हणालात, होतं असं, पोरी. घाबरू नकोस."

वायरमन पुढे झाला. खड्डेसाहेबाने त्याचा दंड धरला. त्याची गरज नव्हती. तो सरांसमोर जाऊन थांबला आणि म्हणाला, "म्हणजे इमारत पडत नव्हती."

"नव्हती," सर म्हणाले.

"बाबांना मी उगाच उठवलं."

अधीक्षकांनी घसा साफ केला आणि घड्याळाकडे पाहिले. "दुःखद आहे. पण आता चित्र स्वच्छ झालं. भोंगा खोटा, इमारत सुरक्षित. मी रुग्ण हलवायला सांगतो."

ते दारापर्यंत गेलेही होते.

"थांबा," पूलबाई म्हणाल्या. त्या मुलीच्या पडद्याकडे बघत होत्या. "अगं, ती दुरुस्ती एकूण किती सरक लपवत होती?"

"सत्त्याण्णव मिलिमीटर."

"आणि खांब सरळ केल्यावर परत किती मिळाला?"

"चौतीस."

"मग उरलेला कुठाय?"

७

प्रश्न कळायला अधीक्षकांना वेळ लागला. खड्डेसाहेबाला लागला नाही. त्याने शिरस्त्राण काढून काखेत धरले.

"सर म्हणतात खांब वाकला होता," पूलबाई म्हणाल्या. "लोखंडी खांब आपण होऊन वाकत नाही. खांब सरळच होता, त्याच्या खालचं छत कललं. छतावरचं पाणी खड्ड्याकडे वाहतंय, आणि ते मी बघूनही तेलाच्या डागांमागे धावले. भिंतीतला हुक निखळला. म्हातारीचं दार चौकटीत अडकलं, दोनदा रंधा मारूनही. पंपघर खड्ड्यात चाललंय. खांब सरळ केल्यानं टोकाचा कल गेला, पण खालचं घर सरकलं ते सरकलेलंच आहे."

"अहो, पण आत माणसं आहेत," वायरमन म्हणाला. तोच पहिला बाहेर पळाला.

सासूबाईंना खरोखरच खिडकीतून काढावे लागले. दार उघडलेच नाही. वायरमनने त्यांना पाठुंगळीला घेतले तेव्हा त्या ओरडत होत्या, "अरे, पातेल्यात दूध तापतंय, आधी ते बघा!" त्यांची सून मागून चादरी गोळा करत येत होती आणि नवऱ्याला म्हणत होती, "आता म्हणा उद्या. म्हणा!" पंपवाल्याने पंप बंद केले, झडपा फिरवल्या आणि शेवटी तोही बाहेर आला. खड्डेसाहेबाने खड्ड्यातले सगळे लोक वर काढले. कुणाला दुखापत झाली नाही.

बेस बसवताना पंपघराच्या छताची जागा टेकडीच्या खडकावर कोरलेल्या खुणेवरून पक्की केलेली होती. पूलबाईंनी मोजणीवालीला एक सुटी टोपी आणि गाडीची बॅटरी देऊन टेकडीवर पाठवले. सोबत सरांना पाठवले.

"यांना?" अधीक्षक म्हणाले.

"खडकावरची खूण नेमकी कुठे आहे ते फक्त त्यांना माहीत आहे. आणि मोजणी त्यांच्या डोळ्यांसमोर झाली तर कुणाला नंतर म्हणायला नको, की पोरीनं घाईत केली."

टेकडीवर सरांनी गवत बाजूला सारून खडकातली खूण दाखवली. मुलीने तिच्यावर तिपाई उभी केली. बुडबुडा मधोमध आणायला ती वाकली तेव्हा तो सारखा एका कडेला पळत होता. सरांचा हात सवयीने पुढे आला, आणि मध्येच थांबून मागे गेला. तिने दम घेतला आणि बुडबुडा स्वतः मधोमध आणला. मग दोघेही खडकावर बसून संकेत जमा होण्याची वाट बघत राहिले.

८

साडेपाच वाजता मुलीचा फोन आला. पूलबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"पंपघराचं छत खड्ड्याकडे सरकलंय, मॅडम. पन्नास मिलिमीटर. दोन-तीन इकडेतिकडे."

"म्हणजे बाईंचं बरोबर निघालं," अधीक्षक म्हणाले. "पंपघर रिकामं आहे, प्रश्न मिटला. पहिली रुग्णवाहिका मी फाटकाशी बोलावलीय. सभागृहातल्या दोघांना आता सिलिंडरही पुरणार नाही."

टेबलावरच्या कागदावर पूलबाईंनी तीन आकडे एकाखाली एक लिहिले होते. सत्त्याण्णव. त्यातून खांबाचे चौतीस गेले. त्यातून छताचे पन्नास गेले.

"मॅडम," फोनवर मुलगी म्हणाली, "तेरा उरतात."

"हो."

"ते पंपघराचे नाहीत."

"नाहीत."

खड्डेसाहेब कागदावर वाकला. "पण इस्पितळाचा ओळंबा जागेवर आहे. काचपट्टी फुटलेली नाही. मी पण बघितलं."

"ओळंबा कल सांगतो," पूलबाई म्हणाल्या. "अख्खी इमारत पायासकट सरकली, तर ओळंबा तिच्याबरोबरच सरकतो. काचपट्टीही. आतून काहीच कळणार नाही. ते बाहेरून, न हलणाऱ्या जागेवरूनच कळतं. आणि न हलणाऱ्या जागेवर आपण आज दुपारी पहिल्यांदा पोचलोय."

"तेरा मिलिमीटर!" अधीक्षक म्हणाले. "बोटाच्या जाडीएवढं. एवढ्यासाठी मी दोन माणसं तिकडे गुदमरू देऊ? काल एक गेला तो नुसत्या आकड्यामुळे. उद्या दोन गेले तर कोणाच्या नावावर लिहू? या पोरीच्याच?"

"मी काय सांगू, मॅडम?" फोनवर मुलीचा आवाज आला. "काल मी सांगितलं आणि माणूस मेला. आज कसं सांगू?"

"तू ठरवू नकोस. तू मोज. टेकडीवरून आता थेट इस्पितळाच्या टोप्या मोजायला घे. ठरवायचं ते माझ्या सहीनं होईल."

सहा वाजता पोलीस निरीक्षक आले. त्यांनी सरांचा जबाब घ्यायला टेकडीकडे गाडी पाठवली. मोजणीवालीच्या नावाचा कागद त्यांनी कोरा ठेवला, पण फाडला नाही. फाटकाशी रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून उभी होती. आत एक बाई आणि तिचा सिलिंडर. वायरमन रुग्णवाहिकेच्या दारात उभा होता. त्याला कोणी ते काम सांगितलेले नव्हते. चालकाने विचारले, आत घेऊ का? वायरमन म्हणाला, "पूलबाईंना विचारा. मला नका विचारू."

सहा वाजून वीस मिनिटांनी टेकडीवरून इस्पितळाचे पहिले थेट मोजमाप आले. चारही टोप्या, खड्ड्याकडे, सरासरी चौदा मिलिमीटर.

वजाबाकीत तेरा होते, मोजणीत चौदा आले. एक मिलिमीटर म्हणजे यंत्राची चूक असू शकते. ती चूक नसूही शकते; तसे असेल तर इमारत अजून सरकत आहे. पुढचे मोजमाप तासाभराने येणार आहे. तोवर फाटक बंद आहे आणि रुग्णवाहिका बाहेर उभी आहे.